अवजारांच्या छपरीचा पाया

बागकामाच्या तासासाठीं कुदळी, खोरीं, विळे व झाऱ्या ठेवण्यास एक लहानशी छपरी असावी असें प्रत्येक शाळेस वाटतें. छपराचा विचार सारेच करतात. पायाचा विचार मात्र भिंत तडकल्यावर सुचतो. हें आम्ही अनुभवानें लिहीत आहों.

साताऱ्यास अजिंक्यताऱ्याच्या उतारावर कुदळ मारिली कीं थोडक्यांतच मुरूम लागतो. तेथें वरची माती काढून जोतें बांधिलें तरी भागतें. हाच धडा घेऊन आम्हीं पुढें सांगलीकडे कृष्णाकांठच्या काळ्या रानांत १० फूट लांब व ८ फूट रुंद अशी छपरी मुलांकडून बांधविली. पावसाळा सुखानें गेला. वैशाखांत जमीन भेगाळली, तीन कोपरे जागीं राहिले व चौथा खचला. दार मिटेना. एके सकाळीं, मुलें कुदळी घेण्यास जेथें ओळीनें उभीं राहत, नेमका तेथेंच कोपऱ्याचा दगड पडलेला आढळला. रविवार होता, म्हणून कोणास इजा झाली नाहीं.

काळ्या मातींतील चिकण अंश पाणी शोषून फुगतो व वाळतांना आकसतो. छपरीखालच्या मधल्या जमिनींत ओल टिकते, कडा उन्हानें सुकतात. म्हणून कोपरे आधीं खचतात. जवळचें झाडही ओल ओढतें. आमच्या चौथ्या कोपऱ्यापाशीं कडुलिंब होता!

दुसऱ्या खेपेस जागा बदलली. काटकोनासाठीं एका दोरीवर ६ व दुसरीवर ८ फुटांवर खूण केली; खुणांमधील अंतर बरोबर १० फूट भरलें पाहिजे. चोहों बाजूंस एकेक फूट अधिक धरून १२ फूट लांब व १० फूट रुंद जागेंतील काळी माती दीड फूट खोल काढिली. हे १८० घनफूट झाले. परंतु कुटल्यावर मुरूम दबतो, म्हणून चतुर्थांश अधिक, म्हणजे सव्वादोन ब्रास आणविला. तो एकदम लोटूं नये. सहा इंचांचा थर पसरावा, पाणी शिंपडावें आणि टाच रुतेनाशी होईपर्यंत धुमसानें कुटावा. मुलांस येथेंच कंटाळा येतो, आणि पाया येथेंच बिघडतो. खडकावर घर बांधणाऱ्याचा दृष्टांत मत्तय व लूक या दोघांनींही दिला आहे. परंतु त्यानें खोल खणलें, हें लूकच सांगतो. त्या दिवशीं आम्हीं मुलांस लूकचाच पाठ वाचून दाखविला.

मात्र काळ्या मातींतील मुरमाचा खड्डा म्हणजे एक हौदच होय. वरून पाणी शिरल्यास तें आंत साठून भोवतालची माती पुन्हां फुगवील. यास्तव मुरूम जमिनीहून उंच ठेवून बाहेर उतार द्यावा व पागोळ्यांचें पाणी चरानें दूर न्यावें. मग पाणसळीनें पातळी साधून दीड फूट दगडी जोतें उचलावें. २०१९ च्या ऑगस्टांत आयर्विन पुलापाशीं कृष्णा ५७ फुटांवर चढली. तसल्या पुरापुढें आमच्या जोत्याचा इलाज नाहीं, परंतु नित्याच्या पावसास तें पुरतें.

शेवटीं जोत्याच्या सांध्यांवर चुन्याची पातळ पट्टी ओढून ठेवावी. जमीन हलूं लागली तर प्रथम तीच तडकते, आणि दगड निसटण्यापूर्वीं मुलांस तेथून दूर ठेवतां येतें.