उपचार संपले, आता कामावर कसं पोहोचायचं?

दहिसर हे मुंबई महापालिकेच्या हद्दीतलं पश्चिम रेल्वेचं शेवटचं स्टेशन. विरारहून सुटलेली सकाळची गाडी इथे येईपर्यंत नालासोपारा, वसई, भाईंदर आणि मीरा रोडनेच ती भरून टाकलेली असते. पुढे चर्चगेट सुमारे 36 किलोमीटर. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपवून कामावर रुजू होणाऱ्या बाईला हा भूगोल थेट दुखतो. काखेतल्या ग्रंथी काढलेला हात वर करून, डोक्यावरची कडी धरून तासभर उभं राहायचं असतं.

डॉक्टर ‘फिट’ लिहितात ते आजाराच्या हिशेबाने. शरीराचा हिशेब त्यानंतरही बरेच दिवस चालू राहतो. ग्रंथी काढल्यावर हातातलं द्रव नीट वाहून जात नाही आणि हात सुजू शकतो. ही सूज, म्हणजे लिम्फोडीमा, ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही येते. काखेतल्या बहुतेक ग्रंथी काढून वर रेडिएशनही दिलं असेल, तर धोका जास्त. एक-दोनच ग्रंथी तपासायला काढल्या असतील, तर बराच कमी. रेडिएशनमुळे खांदा हळूहळू आखडतो, म्हणून भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम उपचार संपले तरी सोडायचा नसतो. पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोच्या औषधाने बोटांची टोकं बधिर होतात. ते कीबोर्डवर निभावतं, शिवणयंत्रावर मात्र नाही. शिवाय झोपूनही न जाणारा थकवा, नावं आणि आकडे निसटणं, टॅमॉक्सिफेन चालू असेल तर गर्दीत अचानक अंगातून निघणाऱ्या वाफा. ही गोळी 5 वर्षं, कधी 10 वर्षं घ्यावी लागते. काही जणींचं ट्रॅस्टुझुमॅब इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, वर्षभर चालू असतं. म्हणजे उपचार ‘संपले’ हेही पुष्कळदा अर्धसत्यच.

एक जुना सल्ला मात्र आता मोडीत काढायला हवा: ‘त्या हाताने आयुष्यभर काही उचलू नका.’ अमेरिकेत हाताला सूज असलेल्या 141 स्त्रियांवर झालेला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली, वजन हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने त्यांची सूज वाढली नाही. हात वापरायचा असतो, पायरीपायरीने. फिजिओथेरपिस्टला विचारताना ‘व्यायाम सांगा’ एवढंच म्हणू नये. आपलं काम काय, बसायचं की उभ्याचं, प्रवास कुठून कुठे, हे सगळं सांगावं.

प्रवासाला थोडे आधार आहेत. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांना बसायची मुभा आहे; डब्यावर त्यासाठी खेकड्याचं चित्र असतं. अंगावर काही दिसत नसलेली बाई त्यात चढली की नजरा वळतात, म्हणून हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवावेत. ऑफिस अंधेरी-गोरेगावकडे असेल, तर दहिसर पूर्वेहून मिळणारी मेट्रो हा मोठा दिलासा. जानेवारी 2023 पासून ती एका मार्गाने अंधेरी पश्चिमेला आणि दुसऱ्याने गुंदवलीला जाते.  नरिमन पॉइंटवाल्यांना मात्र बहुधा गर्दीची लोकलच धरावी लागते.

म्हणूनच खरी सवलत वेळेची. ऑफिसं सहानुभूती सढळ हाताने देतात, रजाही देतात, पण सकाळी अकराला या आणि चारला निघा, असं लेखी द्यायला का कू करतात. डॉक्टरांकडून ‘फिट’ एवढाच शब्द न घेता, किती आठवडे अर्धा दिवस, कोणतं काम टाळायचं, इंजेक्शनसाठी दर किती दिवसांनी सुट्टी, हे लिहून घ्यावं. अशा कागदावर मॅनेजरला सही करणंही सोपं जातं. आजाराबद्दल सांगायचं कुणाला, हा जिचा-तिचा प्रश्न. अभिनेत्री महिमा चौधरी यांना स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांच्या काळात अभिनेते अनुपम खेर यांचा चित्रपटासाठी फोन आला, तेव्हा विग घालून काम केलं तर चालेल का, असं महिमा यांनी विचारलं होतं. 2022 मध्ये हे जाहीर झालं. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईचाही प्रश्न तोच असतो, फक्त विचारण्याची हिंमत होत नाही.

कायद्याची साथ तुटपुंजी आहे. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात कर्करोगाचं निदान झाल्या दिवसापासून संरक्षण मिळतं आणि कामात वाजवी बदल करणं मालकावर बंधनकारक होतं. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत कर्करोग नाही. उलट, सततच्या आजारपणामुळे काढून टाकणं हे आपल्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार कपात’ धरलंच जात नव्हतं, म्हणजे कपातीसाठीचं संरक्षणही मिळत नव्हतं. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या रजा नियमांत कर्करोगासाठी वेगळी तरतूद आहे. महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या विमाधारकांना राज्य कामगार विमा (ईएसआय) योजनेतून आजारपणात वर्षाला 91 दिवस 70 टक्के वेतन मिळतं. कर्करोगासह 34 दीर्घ आजारांत, नोकरीच्या काही अटी पूर्ण केल्यास, 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत. पगारातून ईएसआय कापला जातो, पण हे माहीतच नाही, अशा कितीतरी जणी असतील.

आणि दहिसरच्या रावळपाडा, केतकीपाड्यातून इमारतींत धुणीभांडी करायला जाणाऱ्या बायकांना यातलं काहीच लागू नाही. घरकामगारांसाठी राज्यात 2008 चा कायदा आहे, मंडळ आहे, पण आजारपणात पगार चालू ठेवायचं बंधन घरमालकावर नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होतील, बुडालेले महिने भरून निघणार नाहीत. शिवाय त्यांच्या कामात सुजऱ्या हाताला सर्वांत जास्त धोका: घासणीचे ओरखडे, गरम कुकरचे चटके, सुरीचं कापणं. अशा छोट्या जखमेतून जंतू शिरला की सूज भडकते. रबरी हातमोजे आणि काही महिने जड बादली व पिळायचे कपडे माफ, एवढं तर कुठल्याही घराला जमेल. ती उपचार घेत असेल तेव्हा दुसरी बाई जरूर लावा, पण बदली म्हणून लावा; आणि तसं पहिलीला तोंडावर सांगा.