खडीची वाट आणि लाकडाची कड

अमेरिकेच्या आग्नेय भागात, जॉर्जिया, अलाबामा, दोन्ही कॅरोलिना या राज्यांत, शहराबाहेरच्या पुष्कळ घरांचा ड्राइव्हवे खडीचा असतो. रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची ही खासगी वाट काँक्रीटची किंवा डांबराची करायची तर खर्च बराच वाढतो. खडीची वाट घरची माणसे सुट्टीच्या दिवसांत स्वतः करू शकतात आणि बिघडली तर बिघडला तेवढाच भाग उकरून नीट करता येतो. तिची खोड एकच. चाकाखाली खडी थोडी दबते आणि थोडी बाजूला सरकते. कडेला अडवणारे काही नसले तर वाट वर्षागणिक रुंद आणि पातळ होत जाते, खडी हिरवळीत शिरते आणि गवत कापायच्या यंत्राच्या पात्यात सापडून उडते. हे थांबवण्यासाठी दोन्ही कडांना औषध मुरवलेले लाकडी दांडे बसवतात. दुकानात ते ‘लँडस्केप टिंबर’ या नावाने मिळतात.

या दांड्यांकडून काय अपेक्षा ठेवायची हे आधीच ठरलेले बरे. ते गाडीचे वजन पेलत नाहीत. वजन पेलते ती दाबून घट्ट केलेली खडी आणि तिच्याखालची कोरडी जमीन. दांडा फक्त खडीला बाजूला जाऊ देत नाही. मात्र जी कड खडी अडवते ती पाणीही अडवू शकते, आणि लाकडी कडेच्या बहुतेक वाटा तिथेच फसतात.

दांड्याचे मूळ प्लायवूडच्या कारखान्यात आहे. सदर्न पाइनचा ओंडका यंत्रावर गरगर फिरवतात आणि त्याला लांब पाते टेकवून पातळ पापुद्रा सलग सोलत नेतात. पापुद्र्यांचे थर चिकटवून प्लायवूड होते. सोलता सोलता शेवटी तीन-चार इंच जाडीचा गाभा उरतो, त्याच्यापुढे सोलणे परवडत नाही. या गाभ्याच्या दोन बाजू तासून सपाट करतात, दोन गोल तशाच ठेवतात आणि बंद टाकीत दाबाखाली तांब्याचे क्षार असलेले औषध मुरवतात. प्लायवूडचा तक्ता आठ फुटी, म्हणून दांडाही आठ फुटी. दांडा स्वस्त का, याचे उत्तर या जन्मकथेत आहे आणि त्याच्या दोन्ही दोषांचेही.

पहिला दोष वाकण्याचा. झाडाच्या अगदी मधले लाकूड झाड लहान असतानाचे असते. ते वाळताना बाहेरच्या लाकडापेक्षा जास्त पीळ घेते. दुकानातल्या ढिगातले वरचे दांडे न पाहता उचलले तर त्यांतले काही हमखास वाकडे निघतात. प्रत्येक दांडा एका टोकाला डोळा लावून पाहायचा आणि सरळ तेवढेच घ्यायचे. यात जाणारा अर्धा तास पुढे दोरीवर काम करताना भरून निघतो. दुसरा दोष जास्त गंभीर. पाइनच्या बाहेरच्या लाकडात औषध सहज मुरते, गाभ्यात फारसे शिरत नाही. त्यामुळे दांडा वरून हिरवट आणि टणक दिसत असताना आतून कुजत जाऊ शकतो. दांड्याच्या टोकाला बहुधा एक छोटी पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर तो जमिनीला टेकवून वापरण्याजोगा आहे की फक्त जमिनीच्या वर, हे लिहिलेले असते. पुष्कळ लँडस्केप टिंबर दुसऱ्या वर्गातले असतात. जमिनीत बसवायचे लाकूड पहिल्याच वर्गातले हवे. तसे दांडे मिळाले नाहीत तर सहा बाय सहा इंचांचे चौकोनी टिंबर घेणे शहाणपणाचे. ते महाग आणि जड असतात, पण जमिनीच्या वर्गात सहज मिळतात आणि चाक वर चढले तरी हलत नाहीत.

जुने रेल्वेचे स्लीपर स्वस्तात मिळतात म्हणून कडेला टाकण्याची चाल आहे. त्यांत क्रिओसोट मुरवलेले असते. ते उन्हात पाझरते, कातडीला झोंबते आणि घराच्या बागेसाठी त्याला मान्यता नाही. आर्सेनिक असलेले सीसीए हे औषध बहुतेक घरगुती लाकडासाठी 2003 च्या अखेरीस बंद झाले. त्यानंतरच्या औषधांत तांब्याचे प्रमाण जास्त आहे आणि तांबे साध्या लोखंडाला लवकर गंजवते. म्हणून या लाकडात खिळे किंवा स्क्रू वापरायचे तर जाड जस्ताचा मुलामा दिलेलेच घेतात.

पहिली कुदळ मारण्यापूर्वी 811 या क्रमांकावर फोन करावा लागतो. 2007 पासून हा क्रमांक देशभर चालतो आणि सेवा विनामूल्य आहे. काही दिवसांत माणसे येतात आणि जमिनीखालून काय गेले आहे ते रंगाने आखून देतात. वीज लाल, गॅस पिवळा, टेलिफोन आणि केबल नारिंगी, पिण्याचे पाणी निळे, सांडपाणी हिरवे. दांडे जागेवर धरण्यासाठी दोन फुटी सळया जमिनीत ठोकण्याच्या या कामात ही आखणी टाळणे जिवावर बेतू शकते. वाट जिथे सार्वजनिक रस्त्याला मिळते तिथल्या चरावर मोरी घालायची असेल तर बहुतेक ठिकाणी स्थानिक परवाना लागतो.

खोदाईच्या आधी ढाळ ठरतो. जॉर्जिया-कॅरोलिनातली लाल माती चिकणी असते. तिच्यात पाणी फार सावकाश जिरते आणि ओली झाली की तिचा जोर जातो. ब्रिस्टलच्या रस्त्यांची जबाबदारी 1816 साली हाती घेणाऱ्या जॉन मॅकाडमने हेच धरून आपली पद्धत बसवली होती: खालची माती कोरडी ठेवा, ती भार सोसते, वरच्या दगडाचे मुख्य काम तिला कोरडे ठेवण्याचे. महाराष्ट्रातल्या बांधकाम खात्याच्या कागदांत ‘डब्ल्यूबीएम’ म्हणून जो रस्ता येतो, त्यातला ‘एम’ म्हणजे हाच मॅकाडम. चिकण मातीत नुसता सपाट खड्डा खणून त्यात खडी भरली तर पाणी साचायला एक लांबलचक परात तयार होते. वर खडी कितीही चांगली असली तरी खाली चिखल होतो, चाकाच्या दाबाने तो खडीत वर चढतो आणि खडी खाली बुडते.

म्हणून खड्ड्याचा तळच मधे उंच आणि कडांना उतरता ठेवतात. खडीच्या वाटेला फुटामागे अर्धा इंच ढाळ चांगला. दहा फुटी वाटेत मध्यापासून कडेपर्यंत पाच फूट, म्हणजे अडीच इंच उतार. खोदाई दोन्ही बाजूंना वाटेपेक्षा एकेक फूट जास्त रुंद घेतात आणि कडेला सहा इंच खोल. वरची काळी, मुळांची माती पूर्ण निघाली पाहिजे, कारण ती कुजते आणि खचते. तळ दाबून झाला की त्यावरून भरलेली गाडी हळू चालवून पाहतात. जिथे जमीन चाकापुढे लाटेसारखी हलते तिथली माती काढून खडी भरावी लागते. ही जागा आत्ता सोडून दिली तर पुढे तिथेच खड्डा पडणार.

तळावर जिओटेक्स्टाइल पसरतात. हे बागेत तण दाबायला वापरतात ते काळे कापड नव्हे. हे जाड, विणलेले असते आणि त्याचे काम माती व खडी एकमेकांत मिसळू न देणे. पट्टे एकमेकांवर निदान एक फूट चढवतात. खर्चात कपात करायचीच असेल तर ती दुसरीकडे करावी, या कापडात नको.

खडीला तिकडे नंबर असतात. 57 नंबरची खडी पाऊण इंचाच्या आसपासची, धुतलेली, भुकटी नसलेली. तिच्यातून पाणी सरळ खाली जाते. दुसरी ‘क्रशर रन’, म्हणजे क्रशरमधून निघालेली खडी, ग्रिट आणि भुकटी यांचे मिश्रण. हिला प्रत्येक राज्यात वेगळे नाव आहे, जॉर्जियात जीएबी, उत्तर कॅरोलिनात एबीसी, व्हर्जिनियात 21ए. नदीतले गुळगुळीत गोटे दिसायला सुंदर, पण ड्राइव्हवेला निरुपयोगी. गोल दगड एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखालून निसटत राहतात. खडी फोडलेली आणि कोनदारच हवी.

पन्नास फूट लांब, दहा फूट रुंद वाटेसाठी खालचा 57 नंबरचा थर बारा फूट रुंद आणि चार इंच जाड घेतला तर 200 घनफूट, वरचा क्रशर रनचा थर दहा फूट रुंद आणि तीन इंच जाड घेतला तर 125 घनफूट. दबाईत खडी बसते, म्हणून पाचवा हिस्सा जास्त धरायचा. एकूण 390 घनफूट, आपल्याकडच्या हिशेबाने चार ब्रासला थोडी कमी. तिकडच्या टनात सुमारे वीस. दांडे तेरा आणि दोन फुटी सळया एकोणचाळीस.

खालचा थर डंपरनेच पसरवून घेतात. चालक मागचे फाळके साखळीने थोडेच उघडे ठेवतो, ट्रॉली उचलतो आणि गाडी एका चालीने पुढे काढतो. खडी जवळजवळ सारख्या जाडीने पडत जाते. चांगला चालक असेल तर फावड्याचे निम्मे काम वाचते. दांडे यानंतर बसवण्याचे हेही एक कारण. आधी बसवले तर डंपरचे चाक त्यांच्यावरून जाऊन ते हलतात. थर प्लेट कॉम्पॅक्टरने दाबतात, कोपऱ्यात हातातली धुमस वापरतात.

आता कड. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणतात आणि दांडे सपाट बाजू खाली करून खडीच्या दाबलेल्या थरावर ठेवतात. खालची खडी दांड्याच्या बाहेर एक फूट गेलेली असते, त्यामुळे तळावरून आलेले पाणी दांड्याच्या खालून बाहेर पडते. लाकूडही चिखलात न बसता निथळत्या दगडावर बसते. या एका गोष्टीने कडेचे आयुष्य जितके वाढते तितके दुसऱ्या कशानेही वाढत नाही. उताराच्या बाजूला खडीच्या या पट्ट्याला लागून उथळ चर किंवा चार इंची छिद्रांचा पाइप दिला की पाणी मार्गी लागते.

प्रत्येक दांड्याला तीन भोके पाडतात, दोन टोकांपासून फूटभर आत आणि एक मधे. अर्ध्या इंची सळईला अर्ध्या इंचाचेच भोक. ती घट्ट बसली पाहिजे. घणाचे पहिले काही घाव सोपे जातात, खडीतून जाताना सळई खरखरते, मग मातीत शिरली की घावाचा आवाज बसका होतो. मधेच आवाज टणक झाला आणि सळई जागची हलेना, तर खाली दगड आहे. तिथे जोर करत राहिले तर सळईचे डोके फुलते आणि ती धड वरही येत नाही. सळई उपसून दोन इंच बाजूला नवे भोक पाडणे हाच उपाय. शेवटी सळईचे डोके लाकडात किंचित आत जाईपर्यंत ठोकतात, वर राहिलेले टोक टायर फाडू शकते. कापलेल्या प्रत्येक टोकाला कॉपर नॅफ्थिनेट ब्रशने भरपूर पाजतात, कारण करवतीने औषध न मुरलेला गाभा उघडा पडलेला असतो. वळणावर दांडे वाकत नाहीत. दोन-दोन फुटांचे तुकडे तिरके कापून वळण साधते. फार तीव्र वळण असेल तर तेवढ्या भागात पोलादी पट्टी बरी.

घराच्या भिंतीजवळ दांडा टेकू देऊ नये. या प्रदेशात जमिनीतली वाळवी फार आहे, आणि कुजू लागलेले लाकूड तिला घरापर्यंत पोहोचायला वाट देते. शेवटचे काही फूट काँक्रीटची किंवा दगडाची कड करावी.

वरचा क्रशर रनचा थर भुकटीसकट दबायला हवा, त्यासाठी त्यात बेताचा ओलावा लागतो. मूठभर माल घेऊन आवळावा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि तळव्याला पाणी सुटले नाही तर ओल बरोबर. गोळा लगेच फुटला तर फवारा मारावा, पाणी सुटले तर दिवसभर वाळू द्यावे. कॉम्पॅक्टर आधी दोन्ही कडांनी, मग आत येत येत मध्यापर्यंत चालवतात. सुरुवातीला यंत्र माल ढकलत चालते. दबाई पुरी झाली की ते उसळू लागते आणि जमिनीतून कडक घुमारा येतो.

कडेला खडीची पातळी दांड्याच्या माथ्याइतकी ठेवतात, फार तर अर्धा इंच खाली. शोभेसाठी दांडा दोन-तीन इंच वर काढण्याचा मोह होतो. तसे केले की मध्यावरून उतरलेले पाणी लाकडाला अडते, कडेने वाहू लागते आणि भुकटी धुऊन नेते. बाहेरच्या बाजूला माती भरून गवत लावले की काम पुरे होते.

देखभालीत चाकोऱ्या पडतील तेव्हा कडेची खडी दाताळ्याने मधे ओढायची आणि अधूनमधून वर नवा थर द्यायचा. उत्तरेकडच्या राज्यांत बर्फ ओढणाऱ्या फाळाला दांडे सापडतात, म्हणून हिवाळ्याआधी कडेला उंच काठ्या रोवतात. दांड्याची तपासणी स्क्रूड्रायव्हरने होते. टोकाजवळ आणि सळईच्या भोकापाशी टोचून पाहावे. टोक सहज आत गेले तर गाभा गेलेला आहे. तेवढाच दांडा पहारीने उचलून, सळया उपसून बदलता येतो. काढलेले लाकूड जाळायचे नाही, जुन्या सीसीएच्या राखेत आर्सेनिक राहते. ते स्थानिक नियमांप्रमाणे कचरा डेपोत देतात.