मुक्तीला हक्कांचा पाया हवा: थॅडियस स्टीव्हन्स

अमेरिकेतली गुलामगिरी म्हटली की लिंकन आठवतात. पण मुक्ती टिकवायला हक्क आणि जमीन लागते, हे आग्रहाने मांडले थॅडियस स्टीव्हन्स यांनी. व्हरमाँटमधल्या गरीब घरात १७९२ साली जन्मलेले, एका पायाने जन्मतः अधू असलेले स्टीव्हन्स पेनसिल्व्हेनियात नामांकित वकील झाले. १८२१ मध्ये चॅरिटी बटलर या कृष्णवर्णीय स्त्रीच्या स्वातंत्र्याच्या दाव्यात ते मालकाच्या बाजूने लढले आणि जिंकलेही. पुढे मात्र त्यांनी पळून आलेल्या गुलामांची वकिली केली, १८३५ मध्ये मोफत शाळांचा कायदा रद्द होऊ दिला नाही आणि १८३८ मध्ये कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या राज्यघटनेवर सही करायचे नाकारले.

ते सूडाने पेटले होते, असा आक्षेप घेतला जातो. यादवी युद्धातल्या बड्या बंडखोर जमीनदारांची जमीन जप्त करून मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यावी, ही त्यांची १८६५ ची मागणी त्यासाठी पुढे केली जाते. पण ती मागणी मान्य झाली नाही; जमीन जुन्या मालकाकडेच राहिली आणि मुक्त माणसे बटाईने, कर्जाच्या ओझ्याखाली त्याच शेतांत राबत राहिली. जमिनीविना मुक्ती टिकणार नाही, ही स्टीव्हन्स यांची भीती खरी ठरली. शिवाय चौदाव्या घटनादुरुस्तीत मताधिकाराची हमी नव्हती, तरी १८६६ मध्ये प्रतिनिधिगृहाचे सदस्य म्हणून त्यांनी ती दुरुस्ती पदरात पाडून घेतली. सूड हवा असणारा माणूस अशी तडजोड करत नाही. याच दुरुस्तीतल्या समान संरक्षणाच्या कलमावर १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या.