रिमोटचा पंखा घेतलाय? मग भिंतीवरच्या रेग्युलेटरचं काय करायचं?

नवा बीएलडीसी पंखा लागला, रिमोटही हातात आला. पण घरातलं कुणीतरी सवयीने भिंतीवरचा रेग्युलेटर दोनवर आणतं. मग पंखा घरघरतो, मध्येच थांबतो किंवा रिमोटला दाद देत नाही. अशा वेळी दोष पंख्याचा असेलच असं नाही.

रेग्युलेटरने काय बिघडतं?

जुन्या पंख्यात इंडक्शन मोटर असते. रेग्युलेटर तिला मिळणारा व्होल्टेज कमी करतो आणि वेग उतरतो. बीएलडीसी पंख्यात मोटरसोबत एक सर्किट असतं. घरातल्या एसी विजेचं डीसीमध्ये रूपांतर तेच करतं आणि वेगही तेच ठरवतं. मध्ये रेग्युलेटर आला की या सर्किटला मिळणारा पुरवठा बिघडतो. त्यातून सर्किट खराबही होऊ शकतं.

मग उपाय काय?

इलेक्ट्रिशियनकडून रेग्युलेटर काढून पंखा थेट बटणावर घ्या. तोपर्यंत रेग्युलेटर पूर्ण वेगावर ठेवा आणि त्याला हात लावू नका. रेग्युलेटरवर चालणारे बीएलडीसी पंखेही मिळतात, पण माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच तो वापरा.

बटण चालू ठेवायचं की बंद?

रिमोट वापरायचा तर भिंतीवरचं बटण चालूच हवं. ते बंद असेल तर रिमोटचा सिग्नल घेणारं सर्किटही बंद असतं. रिमोटने पंखा बंद केला तरी हे सर्किट थोडीशी वीज घेत राहतं. त्यामुळे घराबाहेर पडताना बटणच बंद करा.

रिमोट हरवला तर?

पंखा बटणाने सुरू होतो. बऱ्याच मॉडेलमध्ये तो आधीच्याच वेगाने फिरतो, तर काहींमध्ये बटण चालू-बंद करून वेगही बदलता येतो. घरात आजी-आजोबा असतील तर खरेदीआधीच दुकानदाराला हे विचारा. रात्री थंडी वाजली आणि रिमोट सापडला नाही, तर त्यांना पंखा कमी करता आला पाहिजे.

एवढी खटपट कशासाठी?

जुना पंखा पूर्ण वेगात साधारण 75 वॅट वीज घेतो, बीएलडीसी 30 वॅटच्या आसपास. रोज 12 तास वापर धरला तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे 16 युनिट वाचतात. पण सर्किटच जळालं, तर ही बचत दुरुस्तीतच जाईल.