विश्लेषण : दहावा माणूस आला नाही तर प्रार्थना का अडते? पनवेलच्या सिनेगॉगमधून समजणारे लहान समुदायाचे बळ

पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ मधले. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील मराठी भाषक ज्यूंचे हे प्रार्थनास्थळ. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर समाजातील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली आणि रायगडात मोजकी घरे उरली. लहान समुदायाच्या अडचणी सहज दिसतात. त्याचे बळ मात्र ‘मिन्यान’ या एका नियमातून कळते.

मिन्यान म्हणजे काय?

पारंपरिक पद्धतीनुसार सामूहिक प्रार्थनेसाठी १३ वर्षे पूर्ण झालेले किमान १० ज्यू पुरुष हजर असावे लागतात. नऊच असतील तर ज्याने त्याने आपापली प्रार्थना करायची. तोराचे सामूहिक वाचन होत नाही. दिवंगतांसाठीची ‘कद्दीश’ ही प्रार्थनाही म्हणता येत नाही. म्हणजे ज्याचे वडील गेले, त्याला रडायला कोणी लागत नाही. कद्दीश म्हणायला मात्र आणखी नऊ जणांनी हातातले काम टाकून यावे लागते.

यात बळ कसले?

मोठ्या देवळात, मशिदीत किंवा चर्चमध्ये तुम्ही महिनाभर गेला नाहीत तरी कुणाच्या लक्षात येईलच असे नाही. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर तिथे ‘बॅकअप’ भरपूर असतो. दहाच जणांच्या समुदायात तो शून्य. कोणी दिसला नाही तर चौकशी करावीच लागते आणि त्या चौकशीतून ताप, गुडघेदुखी, मुलाची गेलेली नोकरी असे सगळे कळते. नियम प्रार्थनेचा, पण त्यातून विचारपूस आपोआप होते. ख्रिस्ती धर्मात अशी संख्येची अट नाही. दोघे-तिघे जमले तरी पुरे, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात म्हटले आहे. तरी आठ-दहा घरांच्या मंडळीत कोण आले नाही हे तिथेही लगेच कळतेच.

बेने इस्रायलींना लहान गटात टिकण्याची जुनी सवय आहे. कोकणातल्या गावोगावी विखुरलेली ही तेल गाळणारी कुटुंबे शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शिकलेले धर्मगुरू जवळ नसतानाही शनिवारचा विसावा, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम त्यांनी पिढ्यान्पिढ्या पाळले. पोहे, गूळ, खोबरे आणि फळांचा ‘मलिदा’ हा एलिया संदेष्ट्याच्या नावाने होणारा विधी तर खास त्यांचाच.

मग खटकते काय?

मलिद्याची तयारी बायकांच्या हातची, दहाच्या मोजणीत मात्र त्या नाहीत. जगातल्या सुधारणावादी ज्यू पंथांनी स्त्रियांना मिन्यानमध्ये धरायला केव्हाच सुरुवात केली. कोकणात परंपरा जुनीच आहे. माणसे कमी पडत असताना निम्मी मोजायचीच नाहीत, हे गणित काही पटत नाही.