मोबाइलवरचे चर्चापीठ : निवड कशी करावी?

कल्याण सोडून कर्जतच्या वाटेला लागले की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे एकापाठोपाठ एक येतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर. तेव्हा येथील नोकरदार माणसाचे बरेचसे वाचन गाडीत होते. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात मोबाइल. आपल्या गावाचे सामाईक चर्चापीठ उभारायचे असेल तर हाच वाचक प्रथम डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे.

व्हॉट्सअॅपचे गट असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. २६ जुलै २००५ चा महापूर आपल्या स्मरणात आहे. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवावे लागले. अशा दिवशी कोणत्या गल्लीत पाणी कोठवर चढले, कोणता रस्ता खुला राहिला, ही माहिती लोक एकमेकांना तत्परतेने कळवितात. परंतु पुढच्या पावसाळ्यात ती हवी असता सापडत नाही. शुभेच्छांच्या लोंढ्यात ती वाहून गेलेली असते. चर्चापीठात प्रत्येक विषय आपल्या जागी राहतो आणि जुने बोलणे शोधता येते. त्याची खरी उपयुक्तता ती हीच.

आता मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे काय, ते पाहू. ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि पुढे देता येते, ते मुक्तस्रोत. पुष्कळांना यात फुकटपणाच दिसतो. आम्हांस त्यातील स्वामित्व अधिक मोलाचे वाटते. भाड्याच्या खोलीतून मालक केव्हाही बाहेर काढू शकतो. येथे सर्व्हर आपल्या ताब्यात असला की लोकांचे लेखनही आपल्या ताब्यात राहते.

मराठीत याचे चांगले उदाहरण आहे. १९९६ साली सुरू झालेली 'मायबोली' आणि २००७ सालचे 'मिसळपाव' ही संकेतस्थळे द्रुपल या मुक्तस्रोत प्रणालीवर चालत आली. 'मायबोली'चा आरंभ तर द्रुपल जन्मण्याच्या, म्हणजे २००१ च्या, आधीचा. साधन बदलले तरी मंडळी टिकली. बोलणे साधनापेक्षा अधिक काळ जगते. म्हणून निवडताना ते पुढे दुसरीकडे नेता येईल की नाही, हे आधी पाहावे.

निवडीच्या कसोट्या आम्ही चार मानतो.

पहिली कसोटी मोबाइलची. पीएचपीबीबी हे २००० सालापासूनचे जुने, भरवशाचे सॉफ्टवेअर. २०१४ साली आलेल्या ३.१ या आवृत्तीपासून त्याची मूळ मांडणीच लहान पडद्याशी जुळवून घेते. २०१३ साली पुढे आलेले डिस्कोर्स मोबाइलवर देखणे चालते, मात्र पहिल्या भेटीत ते बरीच आज्ञावली उतरवून घेते. जुन्या, स्वस्त मोबाइलवर हा भार जाणवतो. फ्लेरमची १.० ही स्थिर आवृत्ती २०२१ साली आली. तेही लहान पडदा ध्यानात घेऊन रचलेले आहे.

दुसरी कसोटी अक्षरांची. बहुतेक प्रणालींना इंग्रजी शब्दांची रूपे कळतात, आपल्या विभक्ती कळत नाहीत. 'बारवी' असा शोध घेतल्यावर 'बारवीचे पाणी' सापडते का, ते स्वतः करून पाहावे. उल्हासनगरात आणखी एक गोष्ट आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी हे नगर वसविले. सिंधी देवनागरीत लिहितात, तशीच उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या अरबी वळणाच्या लिपीतही लिहितात. एकाच पानावर दोन्ही दिशांचा मजकूर नीट दिसला पाहिजे. डिस्कोर्समध्ये तशी सोय चालू करता येते.

तिसरी कसोटी निगराणीची. पीएचपीबीबी आणि फ्लेरम यांना साधी, अल्प भाड्याची जागा पुरते. डिस्कोर्सला किमान १ जीबी स्मृतीचा सर्व्हर आणि तो सांभाळणारा जाणकार लागतो. सॉफ्टवेअर फुकट मिळाले तरी सुरक्षेच्या सुधारणा वेळच्या वेळी कोणीतरी बसवाव्याच लागतात. हे काम कोण करणार, याचे उत्तर एका नावाने नव्हे, दोन नावांनी देता आले पाहिजे.

चौथी कसोटी परतीच्या वाटेची. संपूर्ण लेखनाची प्रत नियमित काढता यावी, आणि ती दुसऱ्या सर्व्हरवर उभी करून एकदा तरी पाहिलेली असावी. न तपासलेली प्रत ऐन वेळी दगा देते.

आता आमचे मत. मंडळ लहान असेल आणि हौशी कार्यकर्ते दोघेच असतील, तर पीएचपीबीबी घ्यावे. सर्व्हरची माहिती असलेली माणसे हाताशी असतील, किंवा सिंधी वाचकवर्ग मोठा असेल, तर डिस्कोर्सचा विचार करावा. मात्र ठराव करण्यापूर्वी दोन्ही महिनाभर चालवून पाहावीत. दहा माणसे निवडावीत. त्यांत एक आजीबाई, एक दुकानदार आणि रोज गाडीने जाणारे दोघे असावेत. गर्दीच्या वेळी, नेटवर्क तुटत असताना, लिहिलेला मजकूर जपून राहतो का हे त्यांनी पाहावे. पहिल्या दिवशी जे चकित करते ते बाजूला ठेवावे, आणि तिसाव्या दिवशी आजीबाई जे न विचारता उघडतात, ते निवडावे.