तोंडातली लाल गाठ

ओठाच्या आत एक लहानशी जांभळी गाठ दिसली. दुखत नाही, खुपत नाही. शेजारच्या आजी म्हणतात, "रक्त साकळलंय. सुईनं टोच, मोकळं होईल."

थांबा! सुई लावू नका. ती गाठ कशाची आहे, हे आधी कळले पाहिजे.

शेतात पाटाचे पाणी दांडादांडांतून फिरते ना? तसेच आपल्या अंगात रक्त फिरते. रक्ताच्या या पाटांना रक्तवाहिन्या म्हणतात. कधी एखाद्या जागी रक्तवाहिन्या नको तेवढ्या वाढतात. त्यांचा गुंता होतो. त्यात रक्त भरते आणि गाठ दिसू लागते. ओठ, जीभ, गाल, हिरडी, कुठेही ती होते. अशी गाठ फोडली, तर रक्त लवकर थांबत नाही.

या गाठी एका जातीच्या नसतात.

तान्ह्या मुलाची गाठ जन्मानंतर थोड्या आठवड्यांत दिसते. काही महिने भराभर वाढते. पुढे काही वर्षांत बहुधा आपोआप ओसरते. पण मुलाला दूध ओढता येत नसेल, श्वास अडत असेल, गाठीवर जखम झाली असेल, तर उपचार लागतो. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉक्टरांनी हृदयविकाराचे प्रोप्रानोलॉल हे औषध काही मुलांना दिले. त्याने गाठ बसते, असे त्यांना दिसले. 2008 साली त्यांनी हे जाहीर केले. आज हे औषध सगळीकडे वापरतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे.

काही गाठी जन्मापासून असतात. त्या वयाबरोबर वाढतात, आपोआप जात नाहीत.

गरोदर बाईच्या हिरडीवर कधी लाल गाठ येते. दात घासताना भळकन रक्त येते. बाईने घाबरू नये. दात स्वच्छ ठेवावेत, दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. बाळंतपणानंतर ती पुष्कळदा लहान होते. न गेल्यास काढता येते.

क्वचित अशी गाठ कर्करोगाचीही असते. म्हणून अंदाजावर राहू नये.

डॉक्टर गाठ कशी ओळखतात? काचेच्या पट्टीने दाबून पाहतात. रक्त बाजूला सरले, तर गाठ फिकी पडते. बोट ठेवून ती नाडीसारखी उडते का, ते पाहतात. मग सोनोग्राफी करतात. तीत रक्ताचा वेग कळतो. गाठ खोल असली, तर एमआरआय काढतात. तपासणीसाठी तुकडा घ्यायचा झाला, तर तो सगळी तयारी ठेवून इस्पितळातच घेतात.

उपचारही गाठ पाहून ठरतो. कुणाला नुसती नजर ठेवणे पुरते. कुणाच्या गाठीत सुईने औषध घालून ती आकसवतात. कुणाला लेसरचा उपयोग होतो. मोठ्या गाठीचा रक्तपुरवठा आधी बंद करतात, मग शस्त्रक्रिया करतात. कर्करोग असेल, तर शस्त्रक्रियेबरोबर किरणोपचारही लागू शकतात.

दात काढायला जाल, तेव्हा तोंडात गाठ आहे, हिरडीतून उगाच रक्त येते, हे आधी सांगा. गाठ जबड्याच्या हाडात लपलेली असू शकते. तिथला दात उपटला, तर रक्त वाहून जीवही जाऊ शकतो.

तेव्हा गाठीला टोचू नका. दोरा बांधू नका. बिब्बा लावू नका, डाग देऊ नका. गाठ भराभर वाढली, सारखे रक्त येऊ लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त वाहू लागले, तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा आणि तसेच निघा.